परदेशी रोपांचे कागदही दाखवा

संपादक महोदय,

वडोदऱ्याबाहेरच्या एका रोपवाटिकेत ‘थायलंडहून आलंय’ म्हणत अडेनियम हे शोभेचं रोप दाखवलं. पान उलटलं, तर शिरेलगत कापसासारखा पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड. मुळांशी चिकट काळी माती. आयातीचे कागद मागितल्यावर विक्रेता गप्प! केंद्र सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन (आयात रोपांतून रोग-किडी येऊ नयेत म्हणूनच्या) आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि मुळांना माती चालत नाही. हे नियम जाचक मुळीच नाहीत. पपईवरचा पिठ्या ढेकूण असाच बाहेरून आला, २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, आणि शेतकऱ्यांच्या बागा गेल्या. आज रानोमाळ माजलेली घाणेरीसुद्धा शोभेसाठीच आणली होती. तपासणी बंदर-विमानतळावर संपू नये; कृषी खात्यानं रोपवाटिकांतही यावं आणि आयात रोपावर परवाना क्रमांक सक्तीचा करावा.

– एक बागप्रेमी, दांडिया बाजार, वडोदरा