कार्डाची वार्षिक फी भरू की नको? मित्रास पत्र

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे माहितीपत्रकाचे फोटो मिळाले. अक्षर इतकं बारीक आहे की मोठं करून करून वाचावं लागलं, पण सगळं वाचलं. तू विचारलंस, "बँकेचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, कार्ड चांगलं वाटतंय, २,५०० रुपये फी भरू की नको?" माझं उत्तर आधीच सांगतो: तुझा आजचा खर्च पाहता फी भरून हे क्रेडिट कार्ड घेऊ नकोस. फी माफ होणार असेल तर गोष्ट वेगळी. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर वर्षी पुन्हा येणार आहे आणि दर वेळी तुला उत्तर स्वतःचं स्वतः काढता यावं असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, फी २,५०० नाही. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून जाणार २,९५०. माहितीपत्रकात २,५०० ठळक आहे आणि "अधिक लागू कर" खाली कोपऱ्यात. पुढचा सगळा हिशेब २,९५० धरूनच करू.

आता तुमच्या घरचा खर्च. तू महिन्याला पंचेचाळीस-पन्नास हजार लिहिलेस, पण त्यातला कार्डावर जाण्यासारखा किती? घराचा हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो. सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार, दूध, भाजी, मुलीचा क्लास, यातलं काहीच कार्डावर जात नाही. तू दिलेल्या आकड्यांतून मी हे बाजूला काढलं तेव्हा किराणा नऊ हजार (तुमचा किराणावाला कार्ड घेत नाही, तरी तुझ्या बाजूने धरला), वीज-मोबाइल-इंटरनेट चार हजार, ऑनलाइन खरेदी सहा हजार, बाहेरचं खाणं-सिनेमा तीन हजार आणि पेट्रोल चार हजार एवढं उरलं. पेट्रोलवर या कार्डाला गुण (रिवॉर्ड पॉइंट) मिळत नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. म्हणजे गुण मिळवून देणारा खर्च महिन्याला बावीस हजार, वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यात तुमच्या दोघांच्या विम्याचे हप्ते ३६ हजार धर. बरोबर ३ लाख झाले. (किराणा, वीज आणि विमा यांवर महिन्याला अमुक इतकेच गुण अशी मर्यादा बऱ्याच कार्डांना असते. ती मी तुझ्या बाजूने सोडून दिली आहे.)

या कार्डावर दीडशे रुपयांना ४ गुण. तीन लाखांचे ८,००० गुण झाले. आकडा मोठा वाटतो, पण एका गुणाची किंमत काय हे पाहायला हवं. विमान-हॉटेलचं बुकिंग बँकेच्याच संकेतस्थळावरून केलं तर एक गुण ५० पैसे. तेच गुण बिलातून वजा करून घेतले तर २० पैसे. म्हणजे ८,००० गुणांचे एका वाटेने ४,००० रुपये, दुसऱ्या वाटेने १,६००. पहिल्या वाटेने फी वजा जाता १,०५० उरतात, दुसऱ्या वाटेने तू १,३५० रुपयांनी तोट्यात. आणि तुमचा बहुतेक प्रवास रेल्वेचा आहे. सेवाग्राम, विदर्भ किंवा दुरांतोच्या तिकिटाला ५० पैशांचा भाव मिळत नाही. म्हणून गुणांची किंमत लावताना सर्वांत चांगला भाव धरू नये, आपण ते प्रत्यक्षात ज्यावर खर्च करणार त्याचा भाव धरावा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लांबलचक पत्र लिहायला बसलो, तो. तू हिशेब करतोयस "कार्ड घेतलं तर ४,००० मिळतात, नाही घेतलं तर शून्य" असा. पण नाही घेतलं तरी शून्य मिळत नाही! तुझ्याकडे अॅमेझॉन पे आयसीआयसीआयचं कार्ड आहेच. त्याला ना सुरुवातीची फी, ना वार्षिक. इतर दुकानांतल्या खर्चावर १ टक्का, प्राइम सदस्याला अॅमेझॉनवरच्या खरेदीवर ५ टक्के, आणि मिळालेली रक्कम अॅमेझॉन पे बॅलन्समध्ये रुपयाला रुपया जमा होते. गुणांचा भाव शोधत बसावं लागत नाही. अॅमेझॉनचं सगळं सोडून दे, सरसकट १ टक्काच धर. तीन लाखांवर ३,००० रुपये झाले, तेही एक पैसा फी न भरता. मग नव्या कार्डाचे सगळ्यात चांगल्या परिस्थितीतले १,०५० आणि हातातल्या कार्डाचे ३,००० यांची तुलना कर. फी भरून तू वर्षाला जवळजवळ दोन हजार गमावतोस.

अजून एक करून पाहिलं. फी भरायचीच असेल तर किती खर्च केल्यावर हे कार्ड फुकटच्या कार्डाच्या बरोबरीला येईल? चांगल्यात चांगला भाव धरला तरी या कार्डाचा परतावा साधारण १.३३ टक्के पडतो, म्हणजे फुकटच्या कार्डापेक्षा फक्त एक तृतीयांश टक्का जास्त. त्या फरकातून २,९५० वसूल व्हायला वर्षाला ८ लाख ८५ हजार कार्डावर खर्चावे लागतील. तेवढा खर्च तुमच्या घरात नाही आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

पहिल्या वर्षाचं मात्र थोडं वेगळं आहे, ते लपवत नाही. फी भरल्यावर २,५०० चं गिफ्ट व्हाउचर देतात. ज्या दुकानांची यादी दिली आहे तिथून वहिनी एरवीही खरेदी करत असतील तर व्हाउचर खरंच २,५०० चं, आणि पहिलं वर्ष फुकटच्या कार्डापेक्षा पाचशे-साडेपाचशेनं पुढे जातं. पण त्या यादीतल्या दुकानांत तुम्ही कधी पाऊल टाकत नसाल तर ते तुमच्यासाठी अडीच हजारांचं नाही. दुसऱ्या वर्षी व्हाउचर नाही, फी आहे. काही लोक एक वर्ष वापरून कार्ड बंद करतात. त्यात काही गैर नाही, पण तारीख लक्षात ठेवून वेळेवर बंद करायला हवं.

फीमाफीबद्दल त्या माणसाने तुला सांगितलं, "सर, चार लाख खर्च केला की फी माफ, सगळे करतात." तुमचा खर्च ३ लाख आहे. उरलेला एक लाख कुठून आणणार? २,९५० वाचवण्यासाठी लाखभराच्या नको असलेल्या वस्तू घेतल्या तर ९७ हजार गेले. हां, जो खर्च एरवी होणारच आहे तो कार्डावर वळवता आला तर चांगलं. गाडीचा विमा, या वर्षी घ्यायचाच असलेला फ्रिज, काकांची औषधं हे चालेल. शाळेची फी कार्डाने भरायची म्हटलं तर शाळा किंवा मधलं अॅप वर टक्का-दीड टक्का लावतं का ते आधी बघ, कारण कमाईच १.३३ टक्के आहे. शिवाय कोणता खर्च त्या चार लाखांत मोजतात हेही विचार. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेक बँका मोजत नाहीत. हे सगळं करून तुमचा आकडा सहज चार लाखांवर गेला, तर फी शून्य, गुण सुमारे १०,६६७ आणि त्यांची किंमत साधारण ५,३३३ रुपये. फुकटच्या कार्डावर ४,००० झाले असते. वरचा फायदा तेराशेच्या आसपास, तोही विमानाच्या तिकिटावरच. एवढ्यासाठी घ्यायचं का, ते तू ठरव.

लाउंजबद्दल, म्हणजे विमानतळावरच्या त्या आरामात बसायच्या-खायच्या खास जागेबद्दल, तू लिहिलंस ते वाचून मला थांबावं लागलं. काका-काकूंना कन्याकुमारीला न्यायचंय, विवेकानंद शिलास्मारक दाखवायचंय, काकूंचे गुडघे दुखतात, मुंबईला विमान बदलताना तीन तास बसावं लागेल, म्हणून लाउंज हवा. तुझं मन मला कळतं. पण बघ: लाउंज बहुतेक कार्डधारकालाच मोफत असतो, सोबतच्या पाहुण्याला पैसे पडतात. म्हणजे तू आत आणि ते दोघं बाहेर, असं होणार नाही ना हे आधी पाहा. मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट आता अनेक बँकांनी घातली आहे, आणि ऐन सुट्टीत लाउंजच्या दारात रांग असते ते वेगळंच. काकूंसाठी खरी सोय व्हीलचेअरची. तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे नोंदवून ठेव. सोबत माणूस मिळतो, सुरक्षा तपासणीच्या लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. चहा-इडली बाहेर घेतलीत तरी तिघांचे हजार-बाराशे होतील. वर्षातून एकदाच्या प्रवासासाठी तेवढे भर, समाधानाने भर.

एका गोष्टीवर मी आग्रह धरणार आहे, आणि ती या कार्डालाच नाही, सगळ्या कार्डांना लागू आहे. बिल पूर्ण भरायचं. "किमान देय रक्कम" ही ओळ वाचायचीच नाही. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के किंवा त्याहून जास्त. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केली. तेव्हा हे दर उतरतील या आशेवर राहू नकोस. पंचवीस हजारांचं बिल एक महिना पुढे ढकललं तर व्याज ८७५, त्यावर जीएसटी १५७ रुपये ५० पैसे, एकूण हजाराच्या वर. वर्षभर गुण जमवून, विमानाचं तिकीट काढून जे १,०५० रुपये सुटत होते, ते एका महिन्यात संपले. शिवाय मागचं बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. मागच्या दिवाळीनंतर पगार उशिरा झाला तेव्हा तुझी किती ओढाताण झाली ते मला माहीत आहे. म्हणून खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव. हे एवढं आजच कर.

फी भरणं कधीच योग्य नसतं असं मात्र मी म्हणत नाही. माझ्या धाकट्या बहिणीकडे एसबीआयचं कॅशबॅक कार्ड आहे. फी ९९९, जीएसटी धरून ११७९ च्या आसपास. तिचा ऑनलाइन खर्च महिन्याला बारा हजार, आणि तो एका संकेतस्थळावर नसतो: कपडे एकीकडे, औषधं दुसरीकडे, मुलाची पुस्तकं तिसरीकडे. त्या कार्डावर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के मिळतात (वीजबिल, विमा, पेट्रोल त्यात धरत नाहीत). वर्षाचे ७,२०० झाले. १ टक्क्याच्या कार्डावर तिला १,४४० मिळाले असते. फी वजा केली तरी साडेचार हजार जास्त, आणि वर्षाला २ लाख खर्च झाला की फी परत. तिला मीच म्हटलं, आनंदाने भर. पण तिची खरेदी तुझ्यासारखी मुख्यतः अॅमेझॉनवरच असती तर तेच ५ टक्के फुकटच्या कार्डावर मिळाले असते आणि फी भरायचं कारण उरलं नसतं.

तुझ्यासाठी मला यापेक्षा एक वेगळी गोष्ट उपयोगाची वाटते. इतवारीतला तुमचा किराणावाला कार्ड घेत नाही, पण क्यूआर कोड लावलाय असं तू म्हणाला होतास. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येत नाही. फी नसलेलं एखादं रुपे कार्ड मिळालं तर वर नुसता हिशेबात धरलेला तो नऊ हजारांचा किराणा खरोखर कार्डावर जाईल. यूपीआयवरच्या खर्चाला ते कार्ड किती देतं, एवढं घेण्याआधी नीट बघ.

आणि समजा, हे सगळं वाचूनही तुम्ही दोघांनी कार्ड घ्यायचं ठरवलं, तर माझी काही हरकत नाही. फक्त तुझे हक्क माहीत असू देत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार शुल्क वाढवायचं तर बँकेने किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि ते पटलं नाही तर जास्तीचा दंड न देता कार्ड परत करता येतं. थकबाकी नसेल तर बंद करायचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा लागतो, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुला द्यायचे. म्हणून फोनवर बोललास तरी ईमेलही कर, तारीख राहते. बंद करण्याआधी गुण वापरून टाक, नाहीतर ते जातात. वर्ष भरायच्या आधी महिनाभर ग्राहक सेवेला फोन करून फी माफ कराल का असं सरळ विचार. पुष्कळदा थोड्या खर्चाच्या अटीवर माफ करतात. नाही म्हणाले तर त्याच बँकेच्या बिनाफीच्या कार्डात बदलून मिळेल का विचार. कार्डाची उधारीची मर्यादा तशीच राहिली तर क्रेडिट स्कोअरलाही धक्का लागत नाही.

बँकेचा माणूस बुधवारी पुन्हा येणार आहे ना? त्याला दोनच गोष्टी लेखी माग: "हे कार्ड लाइफटाइम फ्री देता का?" आणि "नाही, तर फीमाफीच्या चार लाखांत कोणता खर्च धरत नाही?" पहिल्याचं उत्तर हो आलं तर घे, वापर. नाही आलं तर चहा पाजून निरोप दे. तुझं मागच्या वर्षाचं स्टेटमेंट मला पाठवलंस तर माझे आकडे मी तपासून पाहीन. किराण्याचा अंदाज मी थोडा जास्त धरलाय असं मला वाटतं.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा. कन्याकुमारीच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव.

तुझाच,
पुण्याचा मित्र