आवतण दारापर्यंत जायला हवं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मराठी शाळांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. आपली मुलं आपल्या भाषेत वाढावीत म्हणून पालक किती धडपडतात, हे त्यात छान आलं आहे. तशीच धडपड माझ्या शेजारी रोज चालू असते, पण तिच्याविषयी आपण मराठी माणसं बोलत नाही. म्हणून हे पत्र.

मी मूळची वर्ध्याची. अकरा वर्षांपासून कॅलिफोर्नियातल्या पूर्व सॅन होजेत राहते. आमच्या गल्लीतली बहुतेक कुटुंबं मेक्सिकोतून आलेली, दोन एल साल्वादोरची. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी शाळा सुटल्यानंतरच्या मुलांच्या वर्गात मदत करते. मुलं मला ‘तिआ’ म्हणतात. मावशी, आत्या, काकू, सगळ्यांना त्यांच्याकडे हा एकच शब्द.

सुरुवातीला एका शाळेने पालकांसाठी वाचनवर्ग ठेवला होता. वेळ मंगळवारी सकाळी दहाची. चाळीस खुर्च्या मांडल्या, आल्या तीन आया. नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘पालकांना रस नाही.’ ते वाक्य मला आजही टोचतं. त्या वेळी आया दुसऱ्यांची घरं आणि ऑफिसं साफ करत होत्या, वडील कोणाच्या तरी छपरावर कौलं बसवत होते. पत्रक स्पॅनिशमध्ये होतं हे खरं, पण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून आलेल्या काही घरांत मिश्तेको ही तिथली मूळ भाषा बोलतात. त्या घरांतल्या आजींना स्पॅनिशसुद्धा वाचता येत नाही.

माझी आई अंगणवाडीसेविका होती. पोषण आहाराचा दिवस असला की ती आदल्या संध्याकाळी घरोघर जायची, ओट्यावर बसायची, सुनेशी बोलायची, सासूशीही बोलायची. आमच्याकडे त्याला आवतण म्हणतात. कागद चिकटवून आवतण होत नाही. इथल्या आरोग्य कार्यक्रमांत वस्तीतल्याच बायका दारोदार जातात, त्यांना ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. आपल्या आशाताईच जणू! आणि हे या वस्तीला नवीनही नाही. १९५२ मध्ये फ्रेड रॉस नावाचा कार्यकर्ता इथेच घरोघरी छोट्या बैठका घेत होता, पुढे शेतमजुरांचे नेते झालेले सेझर चावेझ त्याला तिथेच भेटले. पावसाळ्यात इतका चिखल व्हायचा की वस्तीचं नावच ‘साल सी प्वेदेस’ पडलं होतं, म्हणजे ‘जमलं तर बाहेर पड’.

मग आम्ही वेळ साडेसहाची केली, धाकट्या भावंडांसाठी शेजारची खोली उघडली, जेवण ठेवलं आणि दोन आयांना घेऊन दारोदार गेलो. पण खरा फरक पडला तो पालकांना शिकवायला बोलावल्यावर. छपरांची कामं करणारे एक वडील आपला टेप घेऊन पाचवीच्या मुलांसमोर उभे राहिले. बारा इंच आडवं गेलं की चार इंच वर चढायचं, हा छपराचा उतार त्यांनी पुठ्ठ्यावर कापून दाखवला. गुणोत्तराचा धडा मुलांना त्या दिवशी कळला. त्यांची मुलगी एरवी वडिलांच्या इंग्रजीमुळे संकोचायची. त्या संध्याकाळी वडिलांचं बोलणं वर्गाला इंग्रजीत सांगायला ती आपणहून पुढे आली.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवसासाठी ओफ्रेंदा मांडायची होती, म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो, पाव, मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं. सूत्रं मिश्तेको बोलणाऱ्या आजींकडे दिली. झेंडू मुळात मेक्सिकोचाच. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण लावतो ते फूल तिथूनच आपल्याकडे आलं. मी आईचा फोटो नेला होता. आजींनी तो स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला आणि माझा हात धरून काहीतरी म्हणाल्या. शब्द समजले नाहीत. मी रडले.

आमचं आणि मेक्सिकोचं नातं जुनं आहे. पांडुरंग खानखोजे आमच्या वर्ध्याचे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवत होते, शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचं चित्र रंगवलं आहे. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा चापिंगोजवळच्या तेश्कोकोचे. फोनवर ते चित्र दाखवलं तर ते कितीतरी वेळ बघत राहिले. पुढच्या गुरुवारी मक्याची पाच वेगवेगळ्या रंगांची कणसं घेऊन आले, मुलांना दाखवायला.

हल्ली काही खुर्च्या रिकाम्या असतात. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसल्याच्या धास्तीने काही कुटुंबं घराबाहेर पडायला घाबरतात. कागद असोत नसोत, मुलाला सरकारी शाळेत प्रवेश मिळालाच पाहिजे, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे, प्लायलर खटल्यातला. तो आम्ही प्रत्येक घरी जाऊन सांगतो. ज्यांना यायला भीती वाटते, त्यांच्याकडे पुस्तकं आम्ही पोहोचवतो.

सॅन होजेच्या आसपासच्या या भागात, म्हणजे बे एरियात, मराठी कुटुंबं भरपूर आहेत. त्यांच्या शनिवारच्या शाळा, गणपती, नाटकं, सगळं उत्तम चाललं आहे, आणि त्याच शहरात दहा मैलांवरची ही मुलं त्यांना माहीतही नाहीत. ३० एप्रिल हा मेक्सिकोत बालदिन. १९९० च्या दशकापासून अमेरिकेतल्या ग्रंथालयांत तो मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस म्हणूनही साजरा होतो. येत्या ३० एप्रिलला आमच्या वर्गात गोष्टी सांगायच्या आहेत, एक स्पॅनिशमध्ये, एक मिश्तेकोत, आणि एक मराठीत. मराठी गोष्ट मी सांगेन, पण माझ्यासोबत आपली चार मुलं आणि त्यांचे आईवडील असावेत, अशी फार इच्छा आहे. आपल्या वाचकांचे मुलगे, मुली, नातवंडं या भागात असतील, तर हे पत्र त्यांना जरूर पाठवावं. आवतण द्यायला मी त्यांच्याही दारी जाईन.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
सॅन होजे, कॅलिफोर्निया (मूळ गाव वर्धा)