सोयाबीनवर उमेदवारांची भूमिका काय?

महोदय,

विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान होत असताना लातूर भागातील प्रचारसभांत महिलांना दरमहा २१०० रुपये द्यायचे की ३०००, याचीच चढाओढ ऐकू येते. सोयाबीनला क्विंटलमागे ६००० रुपये भाव देण्याचे महायुतीचे आश्वासनही आहेच. परंतु २०२४-२५ साठी ४८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना, ओलावा १२ टक्क्यांहून अधिक म्हणून खरेदी केंद्रावरून परत आलेला माल आडतीत (दलालाच्या दुकानात) पडेल त्या भावाने विकावा लागतो, त्याबद्दल उमेदवार अवाक्षर काढत नाहीत. भावातील फरक कोणत्या तरतुदीतून देणार आणि केंद्रांवर बारदाना (माल भरायची पोती) वेळेवर कसा पोहोचवणार, हे त्यांनी मतदानापूर्वी स्पष्ट करावे.

– एक शेतकरी मतदार, लातूर