केस स्टडी आधी, फॉर्म्युला मग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना मेकॅनिक्स शिकवतोय म्हणून लिहितोय. खऱ्या घटना वर्गात सांगतात बरेच जण, नाही असं नाही, पण धडा संपल्यावर, वेळ उरला तर, आणि काय झालं ते आधीच सांगून. मग पोरांना विचार करायला उरतं काय?

मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातल्या लटकत्या पुलांचं ड्रॉइंग देतो, नाव न सांगता. मूळ डिझाइनमध्ये चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल छतातून आलेल्या एकाच सलग रॉडवर होते, पण एवढ्या लांब रॉडला आटे पाडणं किचकट म्हणून दोन रॉड केले, वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. मी म्हणतो, पास करायचं का बोला, आणि करत असाल तर खाली सही करा. जवळपास सगळे करतात, कारण बदल दिसायला सोपा आहे. मग सांगतो, आता फक्त चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटचा फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे त्या नटवर येणारी सगळी बलं दाखवणारी आकृती, काढा.

मागच्या खेपेला पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही, मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्या नटवर आता दोन्ही पुलांचं वजन आलं ना?" तेव्हा सांगितलं, १७ जुलै १९८१, हे पूल कोसळले, ११४ माणसं गेली. एका पोराने गुपचूप रबर काढला आणि सही खोडायला लागला. आणि मूळ जोडसुद्धा बांधकामाच्या कोडमध्ये, म्हणजे नियमावलीत, बसत नव्हता, म्हणजे सगळा दोष बदलावर ढकलूनही चालत नाही, तो हिशोब पुढच्या तासाला पोरांनीच केला.

उत्तरात एकक लिहिलं नाही म्हणून मार्क कापला की पोरं भांडतात, त्यांना १९९९ चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर, म्हणजे नासाचं मंगळाकडे गेलेलं यान, सांगतो, एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन सेकंद धरले, यान हातचं गेलं.

पण परीक्षेत जर 'टीप लिहा, ५ मार्क' एवढंच येणार असेल तर पोरं हेही पाठ करून मोकळी होतील. पेपर काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ड्रॉइंग द्या, लोड द्या, आणि पास की नापास ते पोरांना कारणासकट ठरवू द्या.

आपला,
एक शिक्षक