बैलोबांचा गुडघा कुठं गेला?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पोळ्याच्या आठवड्यात आपल्या बालपुरवणीत बैलोबांची गोष्ट आली होती. धोतर, फेटा, हातात पिशवी, अशा थाटात बैलोबा बाजाराला निघालेत. गोष्ट झकास आहे, नातीनं ती पुन्हा पुन्हा वाचून घेतली. माझं म्हणणं चित्राबद्दल आहे. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे जनावर दिसलं की माझी नजर आधी पायांवर जाते.

बैलोबांचे गुडघे मागं वाकलेले काढलेत. बैलाचा गुडघा असा उलटा नसतो हो! मागच्या पायाचा जो सांधा मागं आलेला दिसतो, ती त्याची टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ कातडीत दडलेला असतो आणि तो तुमच्या-माझ्यासारखा पुढंच वाकतो. टाचेखालची लांब नळी म्हणजे त्याचा तळपाय. आपल्या तळपायात अशी पाच हाडं, बैलाची तिसरं आणि चौथं मिळून एकच नळी झालेली. सगळा भार दोन बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर. पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा समजतो ते मनगट आहे. आपल्या चित्रकारानं मांडी थेट टाचेला जोडली आणि खाली आणखी एक घोटा काढून त्यात कोल्हापुरी चप्पल घातली. म्हणजे गुडघा गायब आणि टाचा दोन. असा बैल दवाखान्यात आला असता तर आम्ही काय केलं असतं, देव जाणे.

जनावराला माणसासारखं उभं करू नका, असं मी म्हणत नाही. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातला नरसिंह बघा. डोकं सिंहाचं, बाकी देह माणसाचा. आयाळ खांद्यावर आली की मान कुठं संपली नि माणूस कुठं सुरू झाला, हे शोधावं लागत नाही. हा एक मार्ग झाला. दुसरा म्हणजे पाय जनावराचेच ठेवायचे, पण मग टाच उचललेली, खूर टेकलेले आणि गुडघा धोतराच्या आत पुढं आलेला दिसला पाहिजे. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलं की घोटाळा होतो.

खांद्याचंही तसंच. बैलाला गळपट्टीचं हाड नसतं. खांद्याचं पातं बरगड्यांच्या कडेला स्नायूंनी धरलेलं असतं, म्हणून पाय पुढं-मागं सहज जातो, पण आपल्यासारखा बाजूला पसरत नाही. बैलोबांना हात पसरून कुणाला मिठी मारायला लावायची असेल, तर त्यांना आधी माणसाची रुंद छाती आणि ते हाड द्या, मग हात काढा.

आणि ते हसू! वरच्या ओळीत पांढरेशुभ्र दात. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात जाऊन कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. बैलाचं वय दातांवर ठरतं, दोनदाती, चारदाती, आणि ते सगळे खालचे आठ दात. वर पुढं दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते. शिवाय बैलोबांना वशिंड नाही, गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी नाही, अंगावर मोठे काळे-पांढरे ठिगळ. हे होल्स्टिन झालं, पोळ्याला मिरवणारं जनावर नव्हे. आमच्या भागात देवणी जातीतला काळ्या तोंडाचा वानेरा आहे, शेजारी नांदेडात लाल कंधारी आहे, इतकी देखणी जनावरं दाराशी असताना परदेशी दुभत्या गाईचं कातडं कशाला पांघरायचं?

मुलं हीच चित्रं बघून वहीत काढतात. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राला बसणारी पोरंही बैलाचा पाय असाच मागं मोडतात, कारण त्यांनी बैलापेक्षा बैलाची चित्रं जास्त पाहिली आहेत. एक विनंती आहे. पुरवणीत दर रविवारी एका जनावराचा सांगाडा आणि शेजारी माणसाचा सांगाडा छापा. दोन्हींचा गुडघा लाल, टाच निळी, मनगट हिरवं रंगवा. घोडा, कुत्रा, अस्वल, हत्ती असं काढत गेलात तर वर्षभर पुरेल. अस्वल आपल्यासारखं पूर्ण तळपाय टेकून चालतं, कुत्रा बोटांवर, घोडा तर एकाच बोटावर. सुरुवात मात्र बैलापासून करा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. उदगीर, जि. लातूर