वारा कृष्णविवरातून नव्हे, तबकडीवरून

महोदय,

‘कृष्णविवराने ओकला वायू’ ही आपल्या विज्ञान पानावरील बातमी वाचली. कृष्णविवरातून काही बाहेर पडत नाही. पीडीएस 456 या क्वेसारचा (महाकाय कृष्णविवरामुळे झळकणाऱ्या दूरच्या दीर्घिका-केंद्राचा) वारा सुटतो तो भोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीवरून. मथळा म्हणून हे सोडून देऊ. पण ‘दरवर्षी 300 सूर्यांइतका वायू’ हा आकडा अर्धवट आहे. एक्सरिझम या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 2025 मध्ये जाहीर झालेला अंदाज 60 ते 300 सूर्यांचा आहे. ही पाचपट तफावत येते कुठून, हेच खरे तर सांगण्यासारखे होते.

वेगाबद्दल फारशी शंका नाही. एकच इलेक्ट्रॉन उरलेले लोह 6.97 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) ऊर्जेचे क्ष-किरण शोषते, आणि वर्णपटात, म्हणजे ऊर्जेनुसार मांडलेल्या प्रकाशात, तिथे रेषा उमटते. वायू प्रकाशाच्या पाव वेगाने आपल्या दिशेने येत असला की ही रेषा 9 वर सरकते, आणि क्वेसारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश ताणला जाण्याचे प्रमाण) 0.184 असल्याने आपल्याला 7.6 ला दिसते. घोळ आहे तो अंतराचा. वर्णपटातून आयनीभवन (अणूंचे किती इलेक्ट्रॉन निघून गेले ते) कळते, म्हणजे तेजस्वितेला घनता आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. त्यामुळे जवळचा दाट वायू आणि दूरचा विरळ वायू सारखीच रेषा उमटवतात. वाऱ्याचे वस्तुमान मात्र अंतराबरोबर वाढत जाते. शिवाय वायू गोलाच्या किती भागात पसरला आहे, हेही गृहीतच धरावे लागते. एक्सरिझमला प्रकाशाच्या 20 ते 30 टक्के वेगाचे पाच वेगवेगळे प्रवाह दिसले. म्हणजे वारा सलग नाही, गुठळ्या-गुठळ्यांचा आहे. अशा वाऱ्याला एकच आकडा चिकटवणे धाडसाचेच.

जुन्या उपकरणांवरचे दावे तर आणखी जपून छापावेत. एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण उपग्रहाच्या पीएन कॅमेऱ्यामागच्या इलेक्ट्रॉनिक पाटीतले तांबे स्वतःच 8.05 ला चमकते. ही चमक चिपच्या मध्यावर क्षीण आणि कडेला तीव्र असते. पार्श्वभूमी (आकाशाची आणि उपकरणाची स्वतःची चमक) कडेची घेऊन मध्यातून वजा केली की नेमका 8 पाशी खड्डा पडतो, आणि तो वेगवान लोहाच्या रेषेसारखाच दिसतो! (पीडीएस 456 चा वारा यातला नाही, तो अनेक उपग्रहांनी पाहिला आहे.) दुसरी चूक संख्याशास्त्राची. 7 ते 10 या पट्ट्यात कुठेही खड्डा शोधायचा, आणि सापडला की तो योगायोगाने पडल्याची शक्यता फक्त त्या एका जागेपुरती मोजायची. त्याऐवजी रेषा नसलेले हजारभर कृत्रिम वर्णपट तयार करून नुसत्या गोंगाटाने त्यांतल्या किती वर्णपटांत तेवढा खोल खड्डा पडतो, ते पाहावे. बातमी देताना ही एक टक्केवारी विचारली तरी पुरे.

‘आपला अॅस्ट्रोसॅटही हे मोजू शकेल’ हे शेवटचे वाक्यही खरे नाही. या भारतीय उपग्रहावरची सॉफ्ट (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरण दुर्बीण आपल्याच कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) तयार झाली, पण 6 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी तिचे पृथक्करण (ऊर्जेतला किती बारीक फरक ओळखता येतो ते) सुमारे 140 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे वेगात सेकंदाला 7,000 किलोमीटर. एक्सरिझमचे 5, म्हणजे 250 किलोमीटर. शिवाय 7 च्या पुढे या दुर्बिणीची पकड सुटतेच. अॅस्ट्रोसॅटचा उपयोग दुसरीकडे आहे: त्याच क्वेसारचे क्ष-किरण आणि अतिनील तेज एकाच वेळी मोजणे. वाऱ्यावर पडणारा प्रकाश किती, हे त्यावरून ठरते.

– एक खगोल अभ्यासक, चेंबूर, मुंबई