लोहडीला अमृतसरला जाताना

सातारा, २ जानेवारी

चि. अभिजीत यास,
अनेक आशीर्वाद.

लोहडीला अमृतसरला निघालायस हे कळलं. सामानाचं विचारलं तर "आई, महाबळेश्वरची थंडी काढलीय मी" म्हणून तू विषयच मिटवलास. फोनवर काही तू ऐकून घेणार नाहीस, म्हणून लिहून पाठवतेय. बॅग भरताना हा कागद समोर ठेव.

महाबळेश्वरला नऊ वाजले की ऊन पडतं आणि माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो. जानेवारीत अमृतसरला त्या उन्हाचाच भरवसा नाही. बाबांची पोस्टिंग तिथं होती, तेव्हा तू रांगत होतास आणि तुझी दुपटी वाळता वाळायची नाहीत. शेवटी मी ती तव्यावर शेकून घ्यायची. चहूकडे पाणी दिलेली गव्हाची शेतं, त्यात एखादा पाऊस होऊन गेला, वारा पडला आणि रात्री आभाळ मोकळं झालं, की पहाटे धुकं धरलंच म्हणून समज. कधी दहाला विरतं, कधी दिवसभर हलत नाही. रात्री पारा तीन-चार अंशांवर येतो त्याचं मला काही वाटत नाही, तेव्हा आपण रजईत असतो. पण धुक्याच्या दिवशी भर दुपारीही बारा-तेरा अंशच असतात आणि तीच थंडी अंगात मुरते. घरात शिरलास म्हणून सुटका नाही, फरशी बर्फासारखी असते.

तेव्हा आधी पायांचं बघ. लोकरीचे मोजे भरपूर घे. दरबार साहिबला (तिकडे सुवर्णमंदिर कुणी फारसं म्हणत नाही) चपला-बूट जोडा घरात ठेवावे लागतात आणि मोजेही काढावे लागतात. दाराशी उथळ पाण्यातून पाय धुऊनच आत जायचं आणि ओल्या पायांनी संगमरवरावरून परिक्रमा करायची. जाजम अंथरलेली असली तर तिच्यावरूनच चाल, उगाच मर्दुमकी दाखवू नकोस. खिशात एक छोटा पंचा ठेव. बाहेर आल्यावर पाय, बोटांच्या मधली जागासुद्धा, कोरडे पुसायचे आणि मगच मोजे चढवायचे. रात्री टाचांना कोकमाचं तेल लाव, त्याची वडी डब्यात घालून ठेवलीय. तिथली हवा भेगा पाडते.

डोकं झाकायला बाबांचं उपरणं ने. दाराशी रुमाल मिळतात, पण ते सारखे सुटतात. पहाटे गेलात तर उत्तम, सरोवरावर धुकं असतं आणि आतून कीर्तन ऐकू येत असतं. लंगरमध्ये रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ताटात टाकत नाहीत.

थर्मलचे दोन जोड, त्यावर सुती शर्ट, मग स्वेटर आणि सगळ्यात वर पाऊस अडवेल असं जॅकेट. एकच जाडजूड जॅकेट नेलंस तर लंगरच्या गर्दीत घामाघूम होशील आणि बाहेर पडताच तोच घाम गार पडेल. कानटोपी, हातमोजे हवेतच. जीन्स एकच पुरे, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही.

मफलर मात्र विसरू नकोस, तो नुसता थंडीसाठी नाही. लोहडीला सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं. चायनीज मांजावर बंदी आहे, तरी तो रस्त्यावर लोंबत असतोच. कुणाच्या स्कूटरवर बसायची वेळ आली तर गळ्याभोवती दोन वेढे घे.

हॉटेलात गीझर आहे ना, आणि रजया पुरेशा देतात ना, हे आधीच विचार. कुणी खोलीत कोळशाची शेगडी आणून दिली तर नको म्हण. बंद खोलीत तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं माणसं झोपेतच जातात. दर हिवाळ्यात तिकडे अशा बातम्या असतात. ह्या एका बाबतीत "आई उगाच घाबरते" म्हणायचं नाही.

खाण्याचं काय सांगू, तू उपाशी राहणारातला नाहीस. साग (मोहरीच्या पाल्याची भाजी) आणि मक्याची रोटी लोण्यासकट खा. रात्री होळी पेटते तिच्यात रेवड्या, शेंगा, लाह्या टाकतात, थोड्या तोंडातही टाकतात. दुसऱ्या दिवशी त्यांची माघी, आपली संक्रांत. तिळगूळ डब्यात दिलाय, मित्राच्या आईला दे आणि वाकून नमस्कार कर.

जमलं तर बटाल्याजवळ घुमानला जाऊन ये. आपले नामदेव तिथं राहिले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ ला मराठी साहित्य संमेलनही तिथं भरलं होतं. बाबांना तेव्हा फार जायचं होतं, राहून गेलं.

तुझी,
आई

ता. क. फ्रंटियर मेलचं (तुमच्या गोल्डन टेंपल मेलचं) परतीचं तिकीट १६ चं आहे म्हणालास. १८ ला ऑफिसात हजर होतो असं साहेबांना कबूल करू नकोस. सिग्नल दिसत नाही म्हणून रुळावर फटाके लावून ड्रायव्हरला सावध करतात, अशा धुक्यात गाडी सहा-आठ तास सहज रखडते. एक दिवस जादा रजा टाक आणि दशम्या, चटणी हाताशी ठेव, वरच्या बर्थवर नको.